अग्नीचे भय आणि विहिरीचे पाणी

मनुष्य ज्या वस्तूस भितो ती वस्तू तो बहुधा टाकून देत नाही. ती तो दृष्टीआड ठेवतो, आणि दृष्टीआड झालेल्या वस्तूचे भय त्यास कालांतराने वाटेनासे होते. खनिज तेलाच्या बाबतीत गेल्या सव्वाशे वर्षांत नेमके हेच घडले आहे. तेल पेट घेते, म्हणून ते जमिनीखाली पुरलेल्या टाक्यांत ठेवावे असे ठरले. आणि जमिनीखाली पाणीही असते, ह्याचे स्मरण कायदे करणाऱ्यांस पुढे कित्येक वर्षे झाले नाही. ह्या विस्मरणाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. तो सांगताना डोळ्यांसमोर धाराशिव जिल्हा ठेवण्याचे कारण उघड आहे. ज्या प्रदेशात नद्या हिवाळा सरतासरता आटतात, आणि उन्हाळ्यातले चार महिने विहीर किंवा कूपनलिका हाच खेड्यापाड्यांचा आधार असतो, तेथे भूमिगत पाणी बिघडणे म्हणजे घरातील शेवटची पुंजी बुडणे होय.

खनिज तेल आमच्या प्रांतात प्रथम दिव्यासाठी आले. एरंडेल व करडईचे तेल जाळणाऱ्या समया व पणत्या मागे पडल्या आणि चिमण्या व कंदील त्यांच्या जागी आले. ह्या नव्या तेलास मराठी बोलीने ‘रॉकेल’ हे नाव दिले. परदेशातून आलेले हे तेल पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव जाई. कुर्डूवाडीहून बार्शीस जाणारी अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली व १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली. ह्या आगगाडीने येडशी, ढोकी ह्या गावांचा बाहेरच्या बाजारपेठांशी संबंध जोडला. खुद्द धाराशिव शहर मात्र ह्या मार्गापासून बाजूला राहिले. तेथवरचा माल बैलगाडीनेच जाई. त्या काळच्या व्यवहारात एक गुण होता, तो पुढे राहिला नाही. डबा गळू लागला की पोते भिजे, गाडीवानाच्या नाकास वास येई, आणि दुकानदार तो डबा तत्काळ वेगळा काढी. गळती डोळ्यांसमोर होती, म्हणून ती अल्प होती.

मोटारगाडी आल्यावर ही स्थिती पालटली. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ साली रस्तेवाहतुकीचे खाते काढले व २७ मोटारगाड्यांनिशी प्रवासी नेण्यास आरंभ केला. धाराशिव जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता व उस्मानाबाद ह्या नावाने ओळखला जात होता. पेट्रोल हे रॉकेलहून फार लवकर पेट घेणारे द्रव्य. डब्यांच्या राशी रचून ते विकणे धोक्याचे होते. अमेरिकेत सिल्व्हेनस बाउझर नावाच्या गृहस्थाने १८८५ साली रॉकेल मोजून काढणारा एक पंप तयार केला होता. १९०५ साली त्याने मोटारींसाठी पेट्रोल मोजून देणारा पंप बाजारात आणला. टाकी जमिनीखाली आणि पंप जमिनीवर, ही व्यवस्था पुढे जगभर रूढ झाली. वरून मातीचे आवरण असले की ऊन लागत नाही, ठिणगी पोहोचत नाही, आणि एखादे वाहन पेटले तरी साठा सुरक्षित राहतो. अग्नीच्या दृष्टीने ही योजना खरोखरच शहाणपणाची होती, हे मान्य केलेच पाहिजे.

आमच्या देशातील कायद्यानेही हीच दृष्टी स्वीकारली. पेट्रोलियमसंबंधीचा १८९९ चा कायदा काय, किंवा त्याच्या जागी आलेला १९३४ चा कायदा काय, दोहोंचा रोख स्फोट व आग ह्यांवर होता. तेल किती उष्णतेवर पेट घेते ह्यावरून त्याचे वर्ग पाडावयाचे, साठ्याचा परवाना द्यावयाचा, इमारतींपासून अंतर राखावयाचे, असा त्यांचा क्रम. ज्या खात्याकडे हे काम होते ते स्फोटक द्रव्यांचे खाते १८९८ साली स्थापन झाले. आज ते पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना ह्या नावाने चालते आणि त्याचे मुख्यालय नागपुरास आहे. त्याच नागपुरास १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली. पाण्याची व सांडपाण्याची परीक्षा हा तिचा मूळ विषय असून १९७४ पासून ती ‘नीरी’ ह्या नावाने देशभर परिचित आहे. एकाच शहरात अग्नीचे राखणदार आणि पाण्याचे परीक्षक असे शेजारी नांदत होते. परंतु जमिनीखालच्या टाकीचा विषय दीर्घकाळ पहिल्याच्याच दप्तरात राहिला. आमच्या मते ह्या सर्व इतिहासाचे मर्म ह्या एका गोष्टीत सापडते.

आता ज्या भूमीत ह्या टाक्या पुरल्या गेल्या ती भूमी कशी आहे ते पाहू. बालाघाटाच्या डोंगररांगेने धाराशिव जिल्ह्याचे पाणी दोन खोऱ्यांत वाटून दिले आहे. मांजरा व तेरणा गोदावरीकडे जातात. सीना व बोरी भीमेच्या वाटेने कृष्णेकडे जातात. ह्या सर्व भूमीच्या तळाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा काळा पाषाण आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली फुटीर खडक, आणि मग कोठे अभेद्य काळा पाषाण तर कोठे सच्छिद्र मांजऱ्या, असा क्रम विहीर खणणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतो. पाणी मुरते ते बहुतांशी मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. वाळूच्या प्रदेशात भूमिगत पाणी चाळणीतून झिरपल्याप्रमाणे संथ व एकसारखे सरकते. आमच्याकडे ते भेगांच्या वाटेने जाते. एका विहिरीस झरा लागतो आणि वीस पावलांवरची दुसरी विहीर कोरडी राहते. हीच गोष्ट पाण्यात मिसळलेल्या विषासही लागू आहे. ते कोणत्या भेगेने कोणत्या विहिरीस जाऊन मिळेल, हे वरून पाहून सांगता येत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर ह्या भूमीत आणखी एक बदल झाला. यंत्राने खडक भेदून खोल कूपनलिका घेण्याची पद्धत झपाट्याने पसरली. ह्या कामात शेजारच्या सोलापूरचे नाव अभिमानाने घेण्यासारखे आहे. तेथे तयार झालेल्या मजबूत हातपंपाच्या धर्तीवरच पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप सिद्ध झाला व अनेक देशांत गेला. ह्या पंपांनी लक्षावधी स्त्रियांच्या डोक्यावरील घागरीची वाट कमी केली, हे त्यांचे उपकार कोणी नाकारणार नाही. परंतु कूपनलिका म्हणजे वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत पाडलेली एक उभी वाटही असते. तिच्या वरच्या भागातील नळ नीट बसवून बाजूने बंद केलेला नसेल, तर वरचे दूषित पाणी त्या वाटेने थेट खोलवर उतरते. जे विष पूर्वी आडाच्या पाण्यातच राहिले असते, त्यास खाली जाण्याची सोय आपण करून दिली.

टाकी गळते म्हणजे काय होते, ह्याचा विचार थोड्या हिशेबाने केला पाहिजे. लोखंडी टाकी ओल्या मातीत अनेक वर्षे राहिली की तिला गंज चढतो. सांध्यांतून व नळांच्या जोडांतून झिरपणे सुरू होते. काळी माती तर पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या ह्या हालचालीचा ताण तिच्यात पुरलेल्या प्रत्येक नळावर पडतो. समजा, दर सेकंदास केवळ एक थेंब गळत आहे. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसास सव्वाचार लिटर, महिन्यास सुमारे १३० लिटर आणि वर्षास दीड हजार लिटरांहून अधिक पेट्रोल मातीत गेले. परंतु वीस हजार लिटरांच्या टाकीत दिवसाच्या ह्या घटीने तेलाची पातळी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतकीच खाली येते. डिपच्या काठीवर ती दिसणार कशी? शिवाय पेट्रोलचे तापमान एका अंशाने उतरले की तितक्या साठ्याचे आकारमान सुमारे वीस लिटरांनी आपोआप कमी होते, म्हणजे थंडीचा एक अंश पाच दिवसांची गळती सहज झाकून टाकतो. अशी चोरी एका दिवसाच्या मापात कधीच सापडत नाही. आलेले तेल, विकलेले तेल आणि उरलेले तेल ह्यांचा महिनोन् महिने काटेकोर मेळ घातला, तरच ती उघड होते.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे ते भूमिगत पाण्याच्या पृष्ठावर तरंगते. आमच्या प्रदेशात पाण्याची पातळी भाद्रपदात वर येते आणि वैशाखात कित्येक हात खाली जाते. तिच्याबरोबर तेलाचा थरही वरखाली होतो व मधल्या साऱ्या मुरुमास तेल फासले जाते. म्हणूनच अशा विहिरीचे पाणी एका ऋतूत निर्मळ भासते आणि दुसऱ्या ऋतूत त्यास वास येतो. तेलातील काही घटक पाण्यात विरघळतात. त्यांपैकी बेंझीन हे सर्वांत घातक असून त्याच्या दीर्घ सेवनाने रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने निश्चित केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्षांश भाग, इतकीच त्याची मर्यादा सांगितली आहे. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन शेकडा एक भागापर्यंत असू शकते. एका लिटरात ते जवळजवळ पावणेनऊ ग्रॅम भरते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमधील बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवण्यास पुरेसे आहे.

ही संख्या वाचकांच्या मनावर ठसावी म्हणून एका अलीकडच्या प्रसंगाचे स्मरण करून देतो. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. २०१६ च्या एप्रिलात त्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि त्यासाठी सारा देश डोळे लावून बसला होता. त्या पाण्यासाठी वापरलेल्या टाकीच्या वाघिणी आधी राजस्थानातील कोटा येथील रेल्वेच्या कारखान्यात वाफेने धुऊन स्वच्छ करण्यात आल्या होत्या. वरील हिशेबाप्रमाणे अशा पावणेदोन गाड्यांचे पाणी बिघडविण्यास एक लिटर पेट्रोल पुरते. वाघीण कोट्यास नेऊन वाफेने धुता आली. तेरणेच्या किंवा बोरीच्या काठची जमीन कोणत्याही कारखान्यात नेता येत नाही.

जगास ह्या धोक्याची जाणीव प्रथम अमेरिकेत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारी वाढल्या आणि साध्या पोलादाच्या टाक्या लाखांनी पुरल्या गेल्या. तीस वर्षांनी त्या एकामागून एक गळू लागल्या. घरांच्या तळघरांत वाफा येऊ लागल्या, नळाच्या पाण्यास वास येऊ लागला. अखेर १९८४ साली तेथील काँग्रेसने भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या वेळी तेथे अशा सुमारे वीस लाख टाक्या होत्या. तेव्हापासून आजवर साडेपाच लाखांहून अधिक ठिकाणी गळती निश्चित झाली. त्यांतील बहुसंख्य जागा स्वच्छ झाल्याचे नोंदले आहे, तरी हजारो जागांचे काम अद्याप उरले आहे. जगातील सर्वांत संपन्न राष्ट्रास चाळीस वर्षांतही जे पुरते निस्तरता आले नाही, त्याचा विस्तार ह्यावरून कळेल.

मेक्सिको देशातील ग्वादालाहारा शहराने २२ एप्रिल १९९२ रोजी ह्याहून भयंकर धडा घेतला. तेथे तेलाच्या नळाशेजारीच पाण्याचा नळ टाकलेला होता. दोन धातूंच्या सान्निध्याने गंज चढून तेलाच्या नळास भोक पडले, पेट्रोल गटारांत उतरले, आणि एके सकाळी कित्येक किलोमीटर रस्ते उडून गेले. दोनशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अग्नीच्या भयाने तेल जमिनीखाली नेले, आणि तोच अग्नी जमिनीखालून परत आला! केवळ दृष्टीआड करण्याने अग्नीपासूनही रक्षण होत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

बिघडलेली भूमी स्वच्छ कशी करावी, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. पहिला उपाय कोणासही सुचण्याजोगा आहे. टाकी काढावी, तेलकट माती उकरून न्यावी, पाण्यावर तरंगणारे तेल उपसावे. हे केलेच पाहिजे. परंतु मातीच्या कणांस व भेगांस चिकटलेले तेल ह्याने निघत नाही. दुसरा उपाय पाणी उपसून, शुद्ध करून, पुन्हा उपसण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली अशा ७७ जागांची पाहणी केली. त्यांत निरनिराळ्या प्रकारची रासायनिक दूषणे होती. त्यांपैकी केवळ आठ ठिकाणी ठरविलेले ध्येय गाठल्याचे आढळले. कपडा धुताना साबण पुरेसा न निघाल्याने कितीही पाणी ओतले तरी फेस येतच राहावा, तसाच हा प्रकार. तिसरा उपाय मातीतील हवा शोषून तिच्याबरोबर तेलाच्या वाफा बाहेर काढण्याचा. तो पेट्रोलच्या बाबतीत बराच उपयोगी पडतो, डिझेल मात्र सहजासहजी वाफ होत नसल्यामुळे त्यास तितका दाद देत नाही.

चौथा उपाय सर्वांत मनोवेधक आहे, कारण तो मनुष्याने निर्माण केलेला नसून त्याने केवळ ओळखलेला आहे. मातीतील काही सूक्ष्म जंतूंचे तेल हेच अन्न असते. मियोशी ह्या जपानी शास्त्रज्ञाने १८९५ सालीच एक बुरशी मेणासारख्या पॅराफिनच्या थरांत शिरते असे दाखविले होते. तथापि ह्या ज्ञानाचा भूमिगत पाण्यासाठी प्रत्यक्ष उपयोग होण्यास पाऊणशे वर्षे लागली. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानात अॅम्बलर येथे पेट्रोलचा नळ फुटला असता, सन ऑइल कंपनीच्या रिचर्ड रेमंड ह्यांनी १९७२ साली एक वेगळाच प्रयोग केला. त्यांनी जमिनीत बाहेरून जंतू सोडले नाहीत. तेथे आधीच असलेल्या जंतूंस हवा, नत्र व स्फुरद पुरविले, आणि जंतूंनी तेलाचा फडशा पाडण्याचे काम वेगाने चालविले. १९७४ साली ह्या पद्धतीचे पेटंट त्यांस मिळाले. त्याच सुमारास आनंद मोहन चक्रवर्ती ह्या आमच्या बंगाली देशबांधवाने अमेरिकेत तेल खाणारा एक जंतू प्रयोगशाळेत सिद्ध केला, व त्यावरील पेटंटचा १९८० चा निकाल जगभर गाजला. तो जंतू प्रत्यक्ष सफाईच्या कामास फारसा लावला गेला नाही. न्यायालयात कीर्ती प्रयोगशाळेच्या जंतूची झाली; मातीतले काम मात्र मातीतल्याच अनामिक जंतूंनी केले. आमच्या देशात दिल्लीच्या टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जंतूंचा समूह तयार करून तेलाच्या गाळावर त्याचा यशस्वी उपयोग केला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुढे १९९५ साली कॅलिफोर्नियातील टाक्यांच्या गळतीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, मूळ गळती थांबविली तर बेंझीनचा प्रवाह बहुतेक ठिकाणी सुमारे ७५ मीटरांच्या पलीकडे जात नाही. जंतू त्यास वाटेतच संपवितात. ह्यावरून ‘भूमी आपली आपण शुद्ध होते’ असा समाधानकारक निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. परंतु तो अभ्यास गाळाच्या व वाळूच्या भूमीचा होता. भेगाळ पाषाणात पाणी वेगाने पळते, जंतूंना राहावयास माती थोडी आणि वेळ अल्प मिळतो. म्हणून परदेशातील सूत्र आमच्या दख्खनच्या खडकास डोळे मिटून लावणे हे शास्त्र नव्हे.

ह्यात धाराशिवच्या दृष्टीने आणखी एक नवी गोष्ट आहे. हा जिल्हा ऊस व साखर कारखान्यांचा आहे. ढोकीचा तेरणा कारखाना मराठवाड्यातील जुन्या सहकारी कारखान्यांत गणला जातो. उसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते, व २०२५ सालापर्यंत हे प्रमाण शेकडा २० पर्यंत आले आहे. शेतकऱ्यास ह्यातून भाव मिळतो आणि परकीय तेल वाचते, ह्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु जंतूंचा स्वभाव माणसासारखाच आहे; ताटात गोड पदार्थ असला तर ते आधी तो संपवितात. गळलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असले की जंतू त्याच्यामागे लागतात, पाण्यातील प्राणवायू त्यातच खर्च होतो, आणि बेंझीन अधिक काळ व अधिक दूर जाते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेत असल्यामुळे जुन्या टाकीच्या तळाशी पाण्याचा थर साचून गंजास निमित्त मिळते. ज्या शेतात ऊस होतो त्याच शेताच्या विहिरीचा प्रश्न येथे आहे, म्हणून उसाच्या जिल्ह्याने ह्याकडे इतरांहून अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

आमचा कायदा पाण्याकडे केव्हा वळला? महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण रोखण्यासाठी स्वतःचा कायदा केला, आणि १९७४ साली केंद्राचा कायदा झाला. त्या केंद्रीय कायद्यात ‘प्रवाह’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच भूमिगत पाण्याचा समावेश केला आहे, ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी होय. परंतु टाकी अग्नीच्या नियमांत आणि विहीर पाण्याच्या नियमांत, अशी फारकत पुढेही चालूच राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या जानेवारीत नव्या पेट्रोल पंपांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत शाळा, रुग्णालये व वस्ती ह्यांपासून साधारणतः ५० मीटर अंतर आणि त्याबरोबरच गळतीपासून माती व पाणी राखण्याची जबाबदारी, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. आणि २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने वेळोवेळी कळवावी, राज्याच्या मंडळाने ती तपासावी, आणि ज्याने जागा बिघडविली त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यावा, असा त्यांचा सारांश आहे. १८९९ पासून २०२५ पर्यंत सव्वाशे वर्षे लोटली, तेव्हा कोठे ‘पुरलेले तेल’ आणि ‘बिघडलेली भूमी’ हे शब्द आमच्या नियमांत एकमेकांस भेटले.

हा धोका परदेशापुरता आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. २०२१ साली सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यात, मुंबईहून पुण्याच्या वाटेने सोलापूरकडे येणाऱ्या तेलवाहिनीस चोरांनी भोक पाडले. पेट्रोल शेतांत पसरले व विहिरींच्या पाण्यात उतरले. येथे टाकी नव्हती, नळ होता. गंज नव्हता, चोर होता. परंतु मातीस हा भेद कळत नाही. ती वाहिनी सोलापूरजवळच्या पाकणीच्या साठ्यापर्यंत येते, आणि पाकणी धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही.

मग करावे काय? उत्तर शोधताना आम्हांस मराठवाड्याच्या विहिरींचाच एक जुना विजय आठवतो. नारूचा रोग आमच्या पायविहिरींतून पसरत असे. रोगी पाण्यात पाय बुडवी, जंत पाण्यात अळ्या सोडी, आणि तेच पाणी पिऊन दुसरा रोगी तयार होई. त्या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. १९८३-८४ च्या सुमारास देशव्यापी मोहीम सुरू झाली. पायविहिरींस कठडे बांधून पाणी दोराने शेंदण्याची सोय केली, पाणी फडक्याने गाळण्यास शिकविले, काही ठिकाणी औषध टाकले, आणि मुख्यतः प्रत्येक गावातील प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. १९९६ साली देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. विहिरी शुद्ध झाल्या त्या एखाद्या चमत्कारी रसायनाने नव्हे. हजारो साध्या कर्मचाऱ्यांच्या नोंदवह्यांनी त्या शुद्ध केल्या.

भूमिगत तेलाच्या बाबतीतही हाच मार्ग खरा आहे, अशी आमची दृढ समजूत आहे. पंप असो, एस. टी. चे आगार असो वा कारखान्याचा डिझेलचा साठा असो, तेथील तेलाचा मेळ महिन्यावारी घातला जावा आणि तो केवळ मालकाच्या नफा-तोट्यासाठी न राहता तपासणीस खुला असावा. साठ्याजवळच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासले जावे, कारण पातळी हलते तेव्हाच तेल हलते. रस्ते रुंद होऊन महामार्ग चौपदरी झाले की जुने पंप हलतात. तेथील पुरलेल्या टाक्या रिकाम्या करून काढल्या की नाहीत, ह्याची यादी तालुक्याच्या दप्तरी असावी. त्या जागेवर पुढे घर बांधणाऱ्यास आणि बोअर घेणाऱ्यास खाली काय होते हे कळण्याचा अधिकार आहे. ह्यांतील एकाही गोष्टीस परदेशी यंत्र लागत नाही. डिपची काठी, पाण्याची बाटली, एक प्रयोगशाळा आणि प्रामाणिकपणे लिहिलेली वही एवढ्यावर ते साधते. गळती पहिल्या महिन्यात सापडली तर काही गाड्या माती काढून काम भागते; दहाव्या वर्षी सापडली तर नातवंडांपर्यंत पाणी उपसत राहावे लागते.

नव्या नियमांप्रमाणे संशयित जागांची नोंद करण्याचे काम आता जिल्ह्याजिल्ह्यांवर आले आहे. अशी नोंद कोरी पाठविणे सोपे असते, आणि कोरा कागद पाहून वरच्या कचेरीसही समाधान होते. परंतु खरीखुरी तपासणी करून लिहिलेला ‘दोष नाही’ हा शेरा आणि तपासणी न करताच सोडलेली कोरी जागा ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उमरग्यापासून परंड्यापर्यंतच्या गावकऱ्यांनी आणि विशेषतः सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या ग्रामसभेत व नगरपालिकेत हा एक प्रश्न दरवर्षी विचारावा: आमच्या विहिरीजवळ काय पुरले आहे, आणि ते शेवटचे कोणी, कधी तपासले? आमच्या पूर्वजांनी विहीर बांधली की तिच्या काठी देवाची घुमटी उभारून पाण्याचे पावित्र्य राखण्याची आठवण ठेवली. आजच्या विहिरीस त्या घुमटीबरोबर एका नोंदवहीचीही गरज आहे.